सात व्हिडिओ, तीन मशीन आणि उसनवारीवर चाललेलं प्रेझेंटेशन

रिहर्सल चालू होऊन चार मिनिटं झाली असतील, स्लाइड नऊवर आलो आणि पडद्यावर नुसता काळा चौकोन. क्लिक केलं, परत केलं, काही नाही. बारावर तेच. एकोणीसवर व्हिडिओची पहिली फ्रेम दिसली म्हणून जरा हायसं वाटलं तर ती तशीच थिजलेली. असं करत करत शेवटपर्यंत गेलो, सातपैकी सहा व्हिडिओ गप्प, आणि चालला कोणता तर स्लाइड चाळीसवरचा, जो माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर आजपर्यंत एकदाही चालला नव्हता. तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. कार्यक्रम दोन दिवसांवर.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय कारण "सगळं एमपी4 करून टाका, चालेल" हा जो सल्ला सगळीकडे मिळतो तो आमच्या बाबतीत अर्धाच खरा निघाला, आणि उरलेला अर्धा शोधण्यात दीड दिवस गेला.

आधी मांडणी काय होती ते सांगतो. एका वार्षिक मीटिंगसाठी चाळीस मिनिटांचं प्रेझेंटेशन, 46 स्लाइड, सात व्हिडिओ, आणि बनवणारे आम्ही तिघं. मी विंडोजवर पॉवरपॉइंट वापरतो. डिझाइन बघणारी सहकारी मॅकवर, तिच्याकडेही पॉवरपॉइंट. तिसरा मित्र प्रोग्रामर, तो लिनक्सवाला, लिबरऑफिसच्या इम्प्रेसमध्ये (पॉवरपॉइंटसारखंच मोफत सॉफ्टवेअर) काम करतो आणि शेवटी पीपीटीएक्स, म्हणजे पॉवरपॉइंटची फाइल, म्हणून सेव्ह करून देतो. एकच फाइल आमच्या तिघांत फिरत होती, आज माझ्याकडे, उद्या तिच्याकडे. जो तो आपापल्या स्लाइड करायचा, आपल्या मशीनवर चालवून बघायचा आणि "माझं झालं" म्हणून पुढे ढकलायचा. आता मागे वळून बघताना कळतं की घोटाळा तिथेच झाला, कारण पूर्ण प्रेझेंटेशन, पहिल्या स्लाइडपासून शेवटच्यापर्यंत, एकाच मशीनवर कुणीच कधी चालवून बघितलं नव्हतं. स्लाइड चाळीस माझ्याकडे चालत नाही हे मला माहीत होतं हो, पण "माझ्याकडे चालतो" असं मित्र म्हणाला आणि मी सोडून दिलं.

हॉलमधलं कॉम्प्युटर लिनक्सवर होतं. आपला लॅपटॉप नेऊन जोडायचा हा पर्याय पहिल्या पाच मिनिटांतच डोक्यात आला, पण तिथली सगळी वायरिंग, म्हणजे प्रोजेक्टर, साऊंड मिक्सर आणि कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग, त्या एका मशीनवर बांधलेली होती. शिवाय कार्यक्रमानंतर हीच फाइल सगळ्या सभासदांना पाठवायची होती, आणि त्यांच्याकडे काय आहे, विंडोज की मॅक की टॅबलेट, ह्याचा काही नेम नाही. म्हणजे लॅपटॉप नेऊन फक्त हॉलचा प्रश्न सुटला असता.

संध्याकाळी तिघांचे लॅपटॉप एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, एक कागद घेतला आणि प्रत्येक व्हिडिओपुढे प्रत्येक मशीनचा रकाना आखला. निकाल बघून मला खरंच हसू आलं. विंडोजवर स्लाइड नऊ, बारा आणि चौतीस चालले. मॅकवर एकोणीस, तेवीस आणि चौतीस. मित्राच्या लिनक्सवर बारा सोडून सगळे. तिन्ही मशीनवर चालणारा एकटा चौतीस, आणि तोही हॉलच्या मशीनवर चालला नव्हता. म्हणजे चारही ठिकाणी चालणारा व्हिडिओ आमच्याकडे एकसुद्धा नव्हता.

आता मी केलेला एक मूर्खपणा सांगतो, कारण तो बरेच जण करतात. रिहर्सलच्या आदल्या दिवशी मी सगळ्या व्हिडिओ फाइल एका फोल्डरमध्ये घेऊन व्हीएलसी ह्या व्हिडिओ प्लेअरमध्ये एकापाठोपाठ एक लावल्या होत्या. सातही चालले, मस्त. मी ग्रुपवर मेसेज टाकला की व्हिडिओ चेक केलेत, सगळे ओके. पण व्हीएलसी स्वतःचे डिकोडर, म्हणजे दाबून भरलेला व्हिडिओ उलगडणारे प्रोग्राम, स्वतःबरोबर घेऊन फिरतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिमकडे काही मागावं लागत नाही, म्हणून त्यात जवळजवळ काहीही चालतं. प्रेझेंटेशनच्या सॉफ्टवेअरचं तसं नसतं. पॉवरपॉइंट विंडोजवर विंडोजच्या मीडिया यंत्रणेकडे व्हिडिओ सोपवतो, मॅकवर मॅकच्या, आणि इम्प्रेस लिनक्सवर जीस्ट्रीमर नावाच्या तशाच यंत्रणेकडे. त्या यंत्रणेला जो प्रकार उलगडता येतो तोच चालणार. व्हीएलसीत चालला म्हणजे फाइल खराब नाहीये एवढंच कळतं, तो स्लाइडमध्ये चालेल की नाही ह्याबद्दल काहीच कळत नाही.

आणि इथेच मला हे सगळं प्रकरण नीट कळलं. प्रेझेंटेशनची फाइल आपल्याला वाटतं तशी भरलेली पेटी नसते. ती बरंचसं उसनं घेऊन चालते. डिकोडर त्या मशीनचा, फॉन्ट त्या मशीनचे, कधी कधी व्हिडिओसुद्धा त्या मशीनच्या डिस्कवरचा, आवाज कुठून काढायचा तेही त्या मशीनने ठरवायचं. आपल्या घरी सगळे शेजारी उसनं देतात म्हणून सगळं झकास चालतं, दुसऱ्या गावी गेलं की कोण देणार. म्हणून मग आम्ही "काय बिघडलंय" हा प्रश्न सोडून "ही स्लाइड काय काय उसनं मागतेय" असं एकेका स्लाइडला विचारत गेलो.

सगळ्यात आधी स्लाइड बारा, कारण ती तर मित्राच्या सर्वभक्षी लिनक्सवरही चालत नव्हती. पीपीटीएक्स फाइल ही खरं तर झिप असते, 2007 च्या ऑफिसपासून हा प्रकार आला. कॉपी करून शेवटचं नाव झिप केलं आणि उघडली. आत पीपीटी नावाचं फोल्डर, त्यात मीडिया नावाचं फोल्डर, तिथे सगळे फोटो आणि व्हिडिओ रांगेने असतात. मोजले तर व्हिडिओ सहाच. मग स्लाइड्स फोल्डरच्या आत एक रेल्स फोल्डर असतं, त्यात प्रत्येक स्लाइडची एक छोटी टेक्स्ट फाइल असते की ह्या स्लाइडला कुठली कुठली वस्तू लागते. बारा नंबरची नोटपॅडमध्ये उघडली तर तिथे स्वच्छ लिहिलेलं, टार्गेट म्हणून सी ड्राइव्ह, युजर्स, माझं नाव, डेस्कटॉप, "फायनल नवीन 2" आणि पुढे टार्गेटमोड एक्सटर्नल. व्हिडिओ फाइलमध्ये नव्हताच! मी घालताना इन्सर्टच्या बाजूचा छोटा बाण दाबून लिंक टू फाइल निवडलं होतं, कधी, का, मला आजही आठवत नाही, बहुतेक फाइल जड होऊ नये म्हणून. माझ्या मशीनवर तो डेस्कटॉपवरून उचलला जायचा आणि मला वाटायचं आत आहे. मॅकवर सी ड्राइव्ह नावाची गोष्टच नसते, लिनक्सवरही नसते.

पॉवरपॉइंट 2010 पासून व्हिडिओ आपोआप आत एम्बेड होतो, त्याच्या आधी व्हिडिओ नेहमी बाहेरच असायचा आणि फाइलबरोबर अख्खं फोल्डर न्यावं लागायचं. जुन्या लोकांना ती सवय होती, नव्यांना नाही, आणि मी मधला. रेल्सच्या फाइलींमध्ये एक्सटर्नल हा शब्द शोधणं ही दोन मिनिटांची तपासणी आहे, आम्ही सगळ्या 46 स्लाइडच्या फाइलींवर केली आणि अजून एक ऑडिओ क्लिप तशीच बाहेर लटकलेली सापडली. वेबसाइटच्या लिंकसुद्धा एक्सटर्नल म्हणूनच दिसतात, त्या सोडून द्यायच्या.

आता बाकीचे. इथे डबा आणि डब्यातला माल ह्यातला फरक लक्षात घ्यावा लागतो. एमपी4, मूव्ह, एव्हीआय हे डबे, आतमध्ये चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय तो कोडेक. फाइलच्या नावावरून फक्त डबा कळतो. मीडियाइन्फो नावाचं एक छोटं फुकट टूल आहे, तिन्ही सिस्टिमवर मिळतं, त्यात फाइल टाकली की आतला माल दिसतो.

स्लाइड नऊ माझी, जुन्या संग्रहातली डब्ल्यूएमव्ही क्लिप. विंडोजचाच प्रकार, त्यामुळे विंडोजवर लोण्यासारखा चालतो आणि मॅकला मुळात माहीतच नाही. एकोणीस आणि तेवीस आयफोनवर शूट केलेले, डबा मूव्ह आणि आत एचईव्हीसी, म्हणजेच एच.265. 2017 मध्ये आयओएस 11 आलं तेव्हापासून नवे आयफोन मुळात ह्याच पद्धतीने रेकॉर्ड करतात, फाइल लहान होते म्हणून. मॅकवर चालणारच. विंडोजला त्यासाठी वेगळं एक्स्टेंशन टाकावं लागतं, काही लॅपटॉपवर ते आधीपासून असतं, माझ्यावर नव्हतं. सहकारी म्हणाली, "अगं बाई, मग मी काय फोनवर शूटच करायचं नाही का?" करायचं, फक्त कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली मोस्ट कम्पॅटिबल निवडायचं, मग तो एच.264 ह्या जुन्या कोडेकमध्ये रेकॉर्ड करतो. अर्थात 4के 60 फ्रेम हवं असेल तर तिथे फोन परत एचईव्हीसीच मागतो, आणि तेवीस नेमका तसाच होता.

चाळीस नंबरचा मित्राच्या लिनक्समधल्या स्क्रीन रेकॉर्डरने काढलेला, डबा वेबएम. हॉलच्या लिनक्सला तो घरचाच वाटला, म्हणून तोच एकटा चालला.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं सत्तावीसने. डबा एमपी4, आत एच.264, आवाज एएसी, म्हणजे अगदी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, आणि तरी विंडोजवर नाही, मॅकवर नाही. मी दोनदा परत घालून बघितला. शेवटी मीडियाइन्फोमध्ये खाली खाली जात वाचलं तर क्रोमा सबसॅम्पलिंग 4:4:4. हा पण स्क्रीन रेकॉर्डिंगचाच, मित्राने एफएफएमपेग ह्या कमांड लिहून चालवायच्या व्हिडिओ टूलने केलेला. गोष्ट अशी आहे की बहुतेक सगळ्या व्हिडिओत रंगाची माहिती चित्राच्या मानाने कमी ठेवलेली असते, त्याला 4:2:0 म्हणतात, कॅमेरा, फोन, टीव्ही सगळे तेच करतात. पण स्क्रीनचं चित्र मुळात पूर्ण रंगांचं असतं, आणि तुम्ही एफएफएमपेगला स्पष्ट सांगितलं नाही तर तो रंग न कापता 4:4:4 मध्येच एच.264 करून टाकतो. क्वालिटी अप्रतिम, पण विंडोज आणि मॅकच्या स्वतःच्या डिकोडरना ती जात उलगडत नाही. मित्राने कमांडमध्ये पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही420पी एवढं एकच वाढवलं आणि तोच व्हिडिओ सगळीकडे चालायला लागला. तो जरा नाराज होता, लाल अक्षरांच्या कडा किंचित मऊ दिसतात म्हणे. दिसतात खऱ्या, पण स्क्रीनला नाक लावून बघितलं तर.

आता राहिला चौतीस, जो आम्हा तिघांकडे चालत होता आणि हॉलमध्ये नाही. ह्याचं कारण फाइलमध्ये नव्हतंच. काही लिनक्स सिस्टिममध्ये पेटंटच्या भानगडीमुळे एच.264 चा डिकोडर मुळात दिलेला नसतो, नंतर टाकावा लागतो. हॉलच्या मशीनवर तो कुणी टाकलाच नव्हता. इथे आमच्यात चांगलीच वादावादी झाली. मित्राचं म्हणणं, सगळं वेबएममध्ये करू, हॉलमध्ये नक्की चालेल, पेटंट नाही, कटकट नाही. तत्त्व म्हणून त्याचं बरोबर आहे, मलाही पटतं. पण पॉवरपॉइंटसाठी मायक्रोसॉफ्ट स्वतः एमपी4 डबा, एच.264 चित्र आणि एएसी आवाज हीच जोडी सुचवतं, आणि फाइल पुढे ज्या लोकांकडे जाणार त्यातले बहुतेक पॉवरपॉइंटवालेच असणार. एका मशीनसाठी बाकी सगळ्यांना त्रास का द्यायचा? म्हणून ठरवलं की फाइल एच.264 चीच आणि हॉलचं मशीन सुधारायचं. तिथल्या टेक्निशियन दादांना फोन केला, त्यांनी ॲडमिनकडून परवानगी काढली आणि जीस्ट्रीमरचं लिबएव्ही नावाचं प्लगइन टाकून घेतलं. दहा मिनिटांचं काम. "सर, ह्याच्याआधी पण दोन जणांचे व्हिडिओ चालले नव्हते, आम्हाला वाटलं त्यांच्याच फाइल खराब," दादा म्हणाले.

मग सातही व्हिडिओ ओरिजिनलवरून परत बनवले. ओरिजिनलवरून हे मुद्दाम सांगतोय, पीपीटीएक्सच्या आतून काढलेली, आधीच एकदोनदा दाबलेली क्लिप परत दाबली की चेहऱ्यांवर चौकटी दिसायला लागतात. हँडब्रेक हा व्हिडिओ कन्व्हर्टर तिन्ही सिस्टिमवर चालतो, म्हणून तोच वापरला, त्यातलं फास्ट 1080पी30 हे प्रीसेट घेतलं आणि एकच बदल केला, फ्रेमरेट कॉन्स्टंट. फोनचे व्हिडिओ व्हेरिएबल फ्रेमरेटचे असतात, म्हणजे उजेड कमी झाला, फोन तापला की फ्रेमा मागेपुढे होतात, आणि अशा क्लिपमध्ये शेवटी शेवटी ओठ आणि आवाज जुळेनासे होतात. एकोणीसमध्ये बोलणारा माणूस होता, तिथे हे लगेच दिसलं असतं.

तेवीस 4के होता आणि सेकंदाला 60 फ्रेम. हॉलचा प्रोजेक्टर 1920 बाय 1080 चा. म्हणजे चारातले तीन पिक्सेल मशीनने मर मर करून उलगडायचे आणि मग फेकून द्यायचे. प्लगइन टाकल्यावर तो हॉलमध्ये चालला असता पण धक्के खात, कारण ते मशीन जुनं आणि एचईव्हीसी उलगडायचं सगळं काम प्रोसेसरवर. शिवाय तो एचडीआरमध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त उजेड-रंग टिपणाऱ्या पद्धतीत, शूट झालेला, आमच्या पहिल्या कन्व्हर्जनमध्ये राखाडी, धुतल्यासारखा दिसायला लागला, आकाश तर पिठासारखं. सहकारीने मॅकवर एडिटिंगमध्ये घेऊन साध्या रंगात बसवला, एसडीआर म्हणून एक्सपोर्ट केला, त्यात तिचा तासभर गेला. सगळं झाल्यावर फाइल 2.1 जीबीवरून 380 एमबीवर आली. पेनड्राइव्हवर टाकताना अजून एक गंमत, माझा पेनड्राइव्ह विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला, मॅक तो वाचतो पण त्यावर लिहीत नाही, तर ती बिचारी अर्धा तास परमिशन शोधत बसली. दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, विषय संपला.

व्हिडिओ झाले म्हणून सुटलो असं वाटलं होतं, पण फॉन्ट बाकी होते. आणि देवनागरीत तर हा प्रश्न दुप्पट.

शीर्षकं सहकारीने कोहिनूर देवनागरीत केली होती, सुंदर दिसायची, पण तो मॅकबरोबर येणारा फॉन्ट, विंडोजवर नाही आणि लिनक्सवर नाही. मशीनला फॉन्ट सापडला नाही की ते भांडत नाही, एररही देत नाही, गुपचूप दुसरा लावून मोकळं होतं. माझ्याकडे निर्मला, हॉलमध्ये आणखी तिसराच. अक्षरांची रुंदी बदलली, एका ओळीत बसलेलं शीर्षक दोन ओळींत आलं आणि दुसरी ओळ खालच्या फोटोवर चढली. स्लाइड एकतीसवर "कामाचा आढावा आणि पुढची दिशा" मधला "दिशा" बरोबर एका माणसाच्या कपाळावर. एका जुन्या स्लाइडवर तर कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर होता, म्हणजे युनिकोडच नाही, तिथे फॉन्ट नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. तो सरळ परत टाइप केला, कन्व्हर्टरच्या नादी लागलो नाही, सहाच ओळी होत्या.

सगळीकडे नोटो सान्स देवनागरी लावायचं ठरलं, मोफत आहे, लायसन्सची अडचण नाही. मी सगळा मजकूर निवडला, फॉन्ट बदलला, आणि अर्ध्या स्लाइड बदलल्याच नाहीत. कारण पॉवरपॉइंट लॅटिन अक्षरांसाठी एक फॉन्ट आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी, म्हणजे आपल्या देवनागरीसाठी, वेगळा फॉन्ट मनात धरून बसतो. इम्प्रेसमध्येही तीच विभागणी. वरच्या यादीत फॉन्टचं नाव बदललेलं दिसतं आणि देवनागरी मात्र जुन्याच फॉन्टमध्ये. थीमच्या फॉन्टमध्ये जाऊन दोन्ही ठिकाणी बदललं तेव्हा जागेवर आलं. (ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर फॉन्टमध्ये ती रूपं असावी लागतात आणि मजकुराची भाषा मराठी लावलेली असावी लागते, हिंदी नाही. आम्ही ते केलं, कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण मला बरं वाटलं.)

फाइलमध्ये फॉन्ट एम्बेड करायची सोय आहे, ती चालू केली, पण एम्बेड केलेले फॉन्ट प्रत्येक सॉफ्टवेअर वाचतंच असं नाही, म्हणून हॉलच्या मशीनवर फॉन्ट वेगळा टाकूनच घेतला. आणि सभासदांकडे कुठलाही फॉन्ट लागू दे, शीर्षकाच्या बाजूला साधारण पाव रुंदी रिकामी सोडली आणि खाली एका जास्तीच्या ओळीची जागा. सहकारीला हे फार लागलं. तिचा लेआउट काटेकोर होता, त्यात मी भोकं पाडतोय असं तिला वाटलं आणि खरं सांगायचं तर पाडत होतोच.

ट्रांझिशनबद्दल थोडक्यात. तिने चार ठिकाणी मॉर्फ वापरला होता, वस्तू एका स्लाइडवरून दुसरीकडे सरकत मोठी होते तो. इम्प्रेसला मॉर्फ कळत नाही, पण पॉवरपॉइंट फाइलमध्येच लिहून ठेवतो की कळत नसेल तर साधा फेड दाखव, म्हणून हॉलमध्ये काही मोडलं नाही, फक्त जादू गेली. तीन ठिकाणी आम्ही फेडच राहू दिला. एका ठिकाणी नकाशावर झूम होत जाणं हा मुद्द्याचाच भाग होता, तिथे तिने मॅकवरून ते आठ सेकंद व्हिडिओ म्हणून काढले आणि स्लाइडवर बसवले. आठवा व्हिडिओ, पण आता बनवायची रीत माहीत होती.

अख्खं प्रेझेंटेशनच एक सलग व्हिडिओ म्हणून एक्सपोर्ट करा, असाही सल्ला एकाने दिला. किऑस्कवर, आपोआप फिरत राहणाऱ्या गोष्टीसाठी ठीक आहे. बोलणारा माणूस समोर असताना तो व्हिडिओच्या मागे पळत सुटतो, मध्ये कुणी प्रश्न विचारला की संपलंच. तरी पडझड झालीच तर म्हणून स्लाइडची पीडीएफ आणि शेजारी आठ व्हिडिओ क्रमाने, असं एक फोल्डर त्याच पेनड्राइव्हवर ठेवलं. नावं मुद्दाम इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये स्पेस नाही, कारण लिनक्स मोठं अक्षर आणि छोटं अक्षर वेगळं मानतो.

आदल्या दिवशी परत रिहर्सल. ह्यावेळी नियम एकच, फाइल पेनड्राइव्हवरून हॉलच्या मशीनवर कॉपी करायची, पेनड्राइव्ह काढून घ्यायचा, नेट बंद करायचं आणि पहिल्या स्लाइडपासून शेवटपर्यंत बोलत जायचं. आठही व्हिडिओ चालले. आवाज मात्र मशीनच्या मॉनिटरमधून यायला लागला, हॉलच्या स्पीकरमधून नाही, कारण केबल काढघाल झाली की सिस्टिम आउटपुट स्वतःच बदलते. दादांनी साऊंड सेटिंगमध्ये योग्य आउटपुट निवडलं आणि वर टेपवर लिहून चिकटवलं, "केबल हलवू नये."

कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या सत्रात स्लाइड एकोणीसवरचा माणूस "मस्कार" म्हणाला. लोक हसले. एचडीएमआयवर थोडा वेळ शांतता असली की पलीकडचं आवाजाचं उपकरण डुलकी काढतं आणि आवाज आला की जागं होईपर्यंत पहिला अर्धा सेकंद गिळतं. रिहर्सलला हे का दिसलं नाही, तर तेव्हा आम्ही भराभरा स्लाइड पुढे नेत होतो, मध्ये एवढी शांतता पडलीच नाही. "बोलत जायचं" हा नियम करून आम्हीच पाळला नव्हता. ब्रेकमध्ये सहकारीने बोलण्याने सुरू होणाऱ्या उरलेल्या दोन क्लिपच्या आधी दीड सेकंद काळी फ्रेम आणि शांतता जोडली, पण रिकामी शांतता पुरत नाही म्हणून त्यात अगदी ऐकू न येण्याइतकी हलकी सळसळ घातली, उपकरणाला जाग यावी एवढीच. ती युक्ती दादांची. दुपारच्या सत्रात दोन्ही क्लिप पूर्ण बोलल्या.

नंतर फाइल सभासदांना गेली. तक्रार एकच आली, टॅबलेटवर बघणाऱ्या एकांनी स्क्रीनशॉट पाठवला की स्लाइड एकतीसचं शीर्षक दोन ओळींत येतंय. बघितलं, दुसरी ओळ सोडलेल्या जागेत नीट बसली होती, "दिशा" कुणाच्याच कपाळावर नव्हती. सहकारीला फॉरवर्ड केला. तिने अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, पुढच्या वेळी शीर्षकंच छोटी लिही.